इन्सुलिनची संवेदनशीलता आणि स्रवण मोजताना: रक्ताच्या नमुन्यापासून मॉडेलच्या आकड्यापर्यंत

दोन माणसांचे उपाशीपोटीचे रिपोर्ट समोर घ्या. आकडे मी उदाहरणासाठी रचले आहेत, पण असे रिपोर्ट रोज बघायला मिळतात. पहिल्याची रक्तशर्करा ९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि इन्सुलिन ६ मायक्रोयुनिट प्रति मिलिलिटर. दुसऱ्याची शर्करा १०८ आणि इन्सुलिन १५. होमा या प्रसिद्ध सूत्रात हे आकडे घातले की बीटा पेशींचं, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं, काम पहिल्याचं ८० टक्के येतं आणि दुसऱ्याचं १२० टक्के. मग ज्याची साखर वर सरकायला लागली आहे, त्याचं स्वादुपिंड जास्त ठणठणीत म्हणायचं का?

नाही. दुसऱ्याचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओततंय आणि तरीही साखर पुरती आवरत नाहीये. स्रवणाचा आकडा एकटा वाचला की तो फसवतो. संवेदनशीलतेचा, म्हणजे शरीर इन्सुलिनला किती दाद देतं त्याचा, आकडा एकटा वाचला तरी तेच. दोन्ही एकाच माणसात, एकाच चाचणीत आणि शक्यतो एकाच मॉडेलमधून काढायचे आणि शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हा लेख एमडी किंवा पीएचडी करणाऱ्यांसाठी, संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि गणितातून या विषयाकडे वळलेल्यांसाठी आहे. यातल्या सूत्रांवरून स्वतःच्या औषधाचा डोस मात्र कुणी ठरवू नये. ही संशोधनाची साधनं आहेत.

पायरी १: आधी अडचण नीट समजून घ्या

मधुमेहाचे रुग्ण इन्सुलिनला सारखा प्रतिसाद देत नाहीत, काहींवर ते चटकन काम करतं तर काहींवर फारसं करत नाही, हे हॅरोल्ड हिम्सवर्थ यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं. मग संवेदनशीलता मोजणं इतकं अवघड का?

कारण शर्करा आणि इन्सुलिन एकमेकांचा पाठलाग करत असतात. साखर वाढली की इन्सुलिन वाढतं, इन्सुलिन वाढलं की साखर उतरते, साखर उतरली की इन्सुलिनही उतरतं. या चक्राकडे बाहेरून पाहून 'इन्सुलिन जास्त असताना साखरही जास्त होती, म्हणजे इन्सुलिन काम करत नाही' असं म्हणता येत नाही. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे नुसत्या सहसंबंधावरून सुटत नाही.

यातून बाहेर पडायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रयोगातच हे चक्र तोडायचं. दुसरा म्हणजे चक्र तसंच फिरू द्यायचं आणि ते गणितात सोडवायचं. दोन्ही मार्गांवरचे पायाभूत शोधनिबंध १९७९ मध्ये एकाच नियतकालिकात आले: राल्फ डीफ्रॉन्झो आणि सहकाऱ्यांचा चक्र तोडणाऱ्या क्लॅम्पवरचा आणि रिचर्ड बर्गमन, क्लाउडिओ कोबेली आणि सहकाऱ्यांचा चक्र गणितात सोडवणाऱ्या मिनिमल मॉडेलवरचा. पुढच्या चार दशकांतलं बरंचसं काम या दोहोंपैकी एकाच्या खांद्यावर उभं आहे.

पायरी २: चाचणी निवडा

प्रश्न, पैसे आणि माणसं पाहून निवड करावी लागते. चार पर्याय आहेत.

क्लॅम्प. शिरेतून इन्सुलिन ठरावीक वेगाने सोडायचं. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे मिनिटाला ४० मिलियुनिट हा रुळलेला वेग आहे. दर ५ मिनिटांनी साखर तपासायची आणि ती ९० ते १०० च्या आसपास टिकून राहील इतकं डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं द्रावण) सोबत सोडत राहायचं. दोन तासांनी स्थिर स्थिती आली की जेवढं ग्लुकोज आपण सोडतोय, तेवढंच शरीर वापरतंय असं मानता येतं. हिशेब अगदी सरळ आहे. समजा शेवटच्या अर्ध्या तासात २० टक्के डेक्स्ट्रोज ताशी १५० मिलिलिटर वेगाने चाललं होतं आणि माणूस ६५ किलोचा आहे. दर मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम, म्हणजे तासाला ३०,००० मिलिग्रॅम, मिनिटाला ५००. त्याला ६५ ने भागलं की दर किलोमागे मिनिटाला ७.७ मिलिग्रॅम. हाच एम-आकडा. ही पद्धत प्रमाण मानली जाते, पण एका माणसामागे दोन प्रशिक्षित हात आणि अख्खी सकाळ जाते. शिवाय साखर एका जागी धरून ठेवल्यामुळे स्रवणाबद्दल ती काहीच सांगत नाही. त्यासाठी साखर चढवून धरणारा वेगळा क्लॅम्प करावा लागतो.

शिरेतून ग्लुकोज देऊन वारंवार नमुने. दर किलोमागे ०.३ ग्रॅम ग्लुकोज एका दमात शिरेतून द्यायचं आणि तीन तास नमुने घेत राहायचं. सुरुवातीला ते दर दोन मिनिटांनी घ्यायचे, नंतर सावकाश. या एका चाचणीतून संवेदनशीलता आणि पहिल्या टप्प्याचं (ग्लुकोज मिळताच पहिल्या काही मिनिटांतलं) स्रवण अशा दोन्ही गोष्टी निघतात. ज्यांचं स्वतःचं इन्सुलिन कमी पडतं, त्यांच्यात साखर उतरवणारा धक्काच पुरेसा नसतो आणि मॉडेलला संवेदनशीलता 'दिसत' नाही. म्हणून २० व्या मिनिटाला बाहेरून थोडं इन्सुलिन द्यायची सुधारित पद्धत आहे. मधुमेहींमध्ये हीच वापरावी.

तोंडावाटे ७५ ग्रॅम ग्लुकोज. सगळ्यांना माहीत असलेली ही चाचणी स्वस्त आहे आणि शरीराच्या रोजच्या व्यवहाराला जवळची आहे. इन्सुलिनचं स्रवण वाढवणाऱ्या, आतड्यातल्या इन्क्रेटिन संप्रेरकांचा भागही तिच्यात येतो. पण ग्लुकोज रक्तात कधी आणि किती पोहोचलं हे माहीत नसतं आणि मॉडेलची सगळी डोकेदुखी तिथे आहे.

फक्त उपाशीपोटीचा एक नमुना. हजारो माणसांच्या पाहणीत दुसरं काही शक्य नसतं. तेव्हा तो वापरा, पण त्याच्या मर्यादा लक्षात ठेवून.

पायरी ३: नमुना घेताना

गणितवाल्यांना हा भाग आपला वाटत नाही. तो आपलाच आहे. मी सुरुवातीला एका अभ्यासाचं विश्लेषण करत होतो. एका माणसाचा वक्र कुठल्याच पॅरामीटरला बसेना. चार दिवस मी कोडमधली चूक शोधत होतो. शेवटी मूळ कागद मागवले, तर चौथ्या मिनिटाच्या रकान्यात परिचारिकेने पेन्सिलीने बारीक अक्षरात '४:४०' असं लिहिलेलं होतं. शीर नीट लागली नव्हती, म्हणून नमुना चाळीस सेकंद उशिरा निघाला होता. तिने तो प्रामाणिकपणे नोंदवला होता. संगणकात भरताना कुणीतरी तो ४ करून टाकला होता. साखर मिनिटाला कितीतरी मिलिग्रॅमने बदलत असते अशा वेळी चाळीस सेकंद म्हणजे मोठी गोष्ट आहे. तेव्हापासून फाईलमध्ये ठरलेली वेळ आणि खरी वेळ असे दोन रकाने ठेवायचे आणि मॉडेलला खरी वेळच द्यायची, हा माझा नियम आहे.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. साखरेच्या नळीत फ्लुओराइड हवं आणि ती लवकर सेंट्रिफ्यूज व्हायला हवी, कारण उभ्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला ती ५ ते ७ टक्के उतरू शकते. नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या, तर त्यांतलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं आणि इन्सुलिन खोटं कमी दिसतं. सी-पेप्टाइडला, म्हणजे इन्सुलिन तयार होताना त्याच्याबरोबर बाहेर पडणाऱ्या तुकड्याला, हा धोका नाही. बाहेरून इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात इन्सुलिनच्या मोजणीवर विसंबू नका. तिथे सी-पेप्टाइडच हवं. आणि एका अभ्यासातले सगळे नमुने एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर मोजा. इन्सुलिनचे किट एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत.

एककांचं मात्र थांबून सांगतो, कारण इथे घात होतो. साखरेच्या मिलिग्रॅमला १८ ने भागलं की मिलिमोल प्रति लिटर मिळतात. इन्सुलिनच्या मायक्रोयुनिटला ६ ने गुणलं की पिकोमोल प्रति लिटर. सी-पेप्टाइडच्या नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरला ३३१ ने गुणलं की पिकोमोल प्रति लिटर. कुणी फाईल दिली की पहिलं काम करायचं ते उपाशीपोटीच्या इन्सुलिनचा मध्यक काढायचं. निरोगी माणसांच्या गटात तो ४०-५० च्या घरात दिसला, तर रकान्याच्या डोक्यावर मायक्रोयुनिट लिहिलेलं असलं तरी आतले आकडे बहुतेक पिकोमोलचे आहेत.

पायरी ४: सोपी सूत्रं आणि त्यांच्या पोटात दडलेलं गणित

होमा १९८५ मध्ये ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड मॅथ्यूज, रॉबर्ट टर्नर आणि सहकाऱ्यांनी मांडलं. मूळ मॉडेल यकृत आणि बीटा पेशी यांच्यातल्या समतोलाचं आहे. त्याचं सोपं रूप असं (प्रतिरोध म्हणजे संवेदनशीलतेच्या उलट):

इन्सुलिन प्रतिरोध = शर्करा × इन्सुलिन ÷ ४०५
बीटा पेशींचं काम (टक्के) = ३६० × इन्सुलिन ÷ (शर्करा − ६३)

शर्करा मिलिग्रॅममध्ये आणि इन्सुलिन मायक्रोयुनिटमध्ये घ्यायचं. ४०५ हा आकडा आभाळातून पडलेला नाही. सामान्य माणसाची शर्करा ८१ आणि इन्सुलिन ५ धरलं की गुणाकार ४०५ होतो, म्हणजे अशा माणसाचा प्रतिरोध बरोबर १ येतो आणि बीटा पेशींचं काम १०० टक्के.

आता सुरुवातीच्या दोन माणसांकडे परत येऊ. पहिल्याचा प्रतिरोध १.३३ आणि काम ८०. दुसऱ्याचा प्रतिरोध ४ आणि काम १२०. कामाला प्रतिरोधाने भागा. पहिल्याचे ६०, दुसऱ्याचे ३०. गरजेच्या मानाने दुसऱ्याच्या बीटा पेशी निम्मंच काम करतायत. चित्र सरळ झालं.

झालं खरं, पण आता एक कागद घ्या आणि हा भागाकार अक्षरांत करून बघा. वर इन्सुलिन आहे, खालीही इन्सुलिन आहे. ते कटतं. उरतं ते असं: १,४५,८०० ÷ [शर्करा × (शर्करा − ६३)]. म्हणजे होमाची ही दोन मापं एकमेकांनी भागून जो 'भरपाईचा निर्देशांक' कितीतरी शोधनिबंधांत छापला जातो, त्यात इन्सुलिनचा मागमूसही नाही! तो उपाशीपोटीच्या साखरेचाच वेष बदललेला आकडा आहे. इन्सुलिनची चाचणी न करताही तो काढता आला असता. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीनदा ताळा केला. म्हणून सांगतो, होमाची दोन मापं वेगवेगळी छापा, पण त्यांचा भागाकार करून त्याला स्वतंत्र शोध म्हणू नका. आणि साखर ६३ च्या जवळ किंवा खाली असेल, तर बीटा पेशींचं सूत्र बेफाम मोठे किंवा ऋण आकडे देतं. ते फाईलमधून आधीच वेगळे काढा.

शक्य असेल तिथे होमाची १९९८ ची सुधारित संगणकी आवृत्ती वापरावी. तिच्यात सी-पेप्टाइडही घालता येतं.

तोंडावाटेच्या चाचणीतून मात्र थोडी जास्त माहिती मिळते. समजा ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना शर्करा ९५, १६०, १७०, १५०, १२५ आली आणि इन्सुलिन ८, ६०, ८०, ७५, ५५. शर्करेची सरासरी १४०, इन्सुलिनची ५५.६. संवेदनशीलतेचा मात्सुदा निर्देशांक म्हणजे १०,००० ला (९५ × ८ × १४० × ५५.६) या गुणाकाराच्या वर्गमुळाने भागून येणारा आकडा. उत्तर ४.१. पहिल्या अर्ध्या तासात इन्सुलिन ५२ ने वाढलं आणि शर्करा ६५ ने, म्हणून स्रवणाचा इन्सुलिनोजेनिक निर्देशांक ०.८. दोहोंचा गुणाकार सुमारे ३.३. इथे अर्ध्या तासाचा नमुना चुकला तर सगळंच ओमफस, म्हणून ३० मिनिटांची वेळ सांभाळा.

पायरी ५: मिनिमल मॉडेल हातात घ्या

नावाप्रमाणेच हे मॉडेल कमीत कमी गोष्टी मागतं. शरीरातलं ग्लुकोज एका टाकीत आहे असं धरायचं. रक्तातलं इन्सुलिन थेट काम करत नाही. ते आधी रक्तवाहिनीबाहेर पोहोचतं आणि मग काम सुरू होतं. या दूरच्या, काम करणाऱ्या इन्सुलिनला आपण क्ष म्हणू. ग म्हणजे शर्करा, इ म्हणजे रक्तातलं इन्सुलिन आणि कंसातला उ म्हणजे उपाशीपोटीची पातळी.

ग बदलण्याचा वेग = −(प१ + क्ष) × ग + प१ × ग(उ)
क्ष बदलण्याचा वेग = −प२ × क्ष + प३ × [इ − इ(उ)]

प१ म्हणजे इन्सुलिन वाढलं नसतानाही साखर स्वतःच्या जोरावर किती वेगाने मूळपदावर येते. याला ग्लुकोजची परिणामकारकता म्हणतात. प३ हे क्रिया किती जोरात सुरू होते ते सांगतं, प२ ती किती वेगाने ओसरते ते. प३ भागिले प२ म्हणजे इन्सुलिनची संवेदनशीलता.

नुसतं वाचून हे पचत नाही. एकदा हाताने चालवा. प१ ०.०२, ग(उ) ९० आणि ग्लुकोज दिल्यावर शर्करा २८० झाली आहे असं धरा. क्ष अजून शून्य आहे. बदलाचा वेग: −०.०२ × २८० + ०.०२ × ९० = −३.८. म्हणजे मिनिटाला ३.८ मिलिग्रॅमने साखर उतरतेय आणि यात इन्सुलिनचा हात नाही. आता क्ष वाढून ०.०१ झाला आहे असं धरा: −०.०३ × २८० + १.८ = −६.६. वेग जवळजवळ दुपटीकडे गेला.

आणि क्ष ला ०.०१ पर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो? प२ ०.०३, प३ ०.०००,०१५, आणि इन्सुलिन उपाशी पातळीपेक्षा ५० ने वर टिकून आहे असं समजा. क्ष शेवटी जिथे स्थिरावेल ती पातळी संवेदनशीलता गुणिले ५०, म्हणजे ०.०००५ × ५० = ०.०२५. पण दहा मिनिटांनी तो फक्त ०.००६५ झालेला असतो. रक्तात इन्सुलिन वाढलं तरी त्याचं काम उशिरा दिसतं, हा शरीरातला खरा उशीर या एका समीकरणात पकडला गेला आहे. मला या मॉडेलचं सगळ्यात मोठं देखणेपण इथेच वाटतं.

पायरी ६: मॉडेल आकड्यांवर बसवा

यातली खुबी अशी की मोजलेलं इन्सुलिन हे मॉडेलचं उत्तर मानायचं नाही. ते मॉडेलला बाहेरून द्यायचं आणि मॉडेलने फक्त साखरेचा वक्र सांगायचा. चक्र तुटतं ते इथे, आणि तेही माणसाला हात न लावता. दोन नमुन्यांच्या मध्ये इन्सुलिनसाठी सरळ रेषा ओढली तरी चालते.

पायथनमध्ये सायपायचे अवकल समीकरणं सोडवणारे आणि लघुतम वर्गाचे तयार फंक्शन पुरेसे आहेत. आर वापरणाऱ्यांनाही अडचण नाही. काही गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात.

पॅरामीटर चार आहेत: प१, प२, संवेदनशीलता आणि शून्य मिनिटाची शर्करा. शेवटचीही शोधायची असते, कारण ग्लुकोज रक्तात मिसळायला वेळ लागतो आणि पहिल्या मिनिटांतली मोजलेली शर्करा एका टाकीच्या मॉडेलशी जुळत नाही. याच कारणाने पहिल्या ८ मिनिटांच्या शर्करेला शून्य वजन देतात. ते नमुने फुकट जात नाहीत, त्यांतलं इन्सुलिन स्रवणासाठी लागतं.

चारही पॅरामीटरचे लॉगरिदम घेऊन शोध करा, म्हणजे ते ऋण जाणार नाहीत. शर्करेच्या प्रत्येक आकड्याला त्याच्या मोजणीतल्या चुकीच्या व्यस्त प्रमाणात वजन द्या. २ टक्क्यांची चूक धरणं रास्त आहे. शोध एकाच बिंदूपासून सुरू करू नका. दहा-वीस वेगवेगळ्या सुरुवाती द्या आणि बहुतेक वेळा तेच उत्तर येतं का पाहा.

उत्तर आलं की लगेच तक्त्यात भरू नका. आधी आलेख काढा. वर मोजलेले बिंदू आणि मॉडेलचा वक्र, खाली दोघांमधला फरक वेळेनुसार. हा फरक शून्याच्या वरखाली विखुरलेला असला तर ठीक. सलग पाच-सहा बिंदू एकाच बाजूला असले, तर मॉडेल काहीतरी चुकवतंय. मग प्रत्येक पॅरामीटरची प्रमाणत्रुटी टक्क्यांत काढा. संवेदनशीलता ०.०००५ च्या घरात आली आणि तिची त्रुटी १५ टक्के असेल तर चांगलं. त्रुटी १०० टक्क्यांच्या वर गेली, तर तो आकडा त्या माणसाची संवेदनशीलता नाही. आपल्या नमुन्यांत तेवढी माहितीच नव्हती, इतकंच तो सांगतो. प२ बाबत ही अडचण वारंवार येते. तेव्हा बेझच्या पद्धतीने प२ ला आधीच्या अभ्यासांवरून एक वाजवी पट्टा द्यावा आणि तो दिल्याचं लेखात स्पष्ट लिहावं.

आणखी एक जाणीव ठेवा. शरीरातलं ग्लुकोज खरं तर एका टाकीत नसतं. एक टाकी धरल्यामुळे प१ थोडं जास्त येतं आणि संवेदनशीलता थोडी कमी. म्हणून माणसांची आपसांत तुलना करायला हा आकडा उत्तम, पण क्लॅम्पच्या आकड्याशी जसाच्या तसा जोडू नये.

तोंडावाटेच्या चाचणीसाठी कोबेली यांच्याच पादुआच्या गटाने २००२ मध्ये हेच मॉडेल वाढवलं. पहिल्या समीकरणात आतड्यातून येणाऱ्या ग्लुकोजचा वेग हे एक नवं पद येतं. तो वेग सरळ रेषांच्या तुकड्यांनी बनलेला धरतात आणि त्याखालचं एकूण क्षेत्रफळ प्यायलेल्या ग्लुकोजच्या साधारण ०.९ पट इतकं बांधून टाकतात. ही अट घातली नाही, तर जास्त ग्लुकोज आलं आणि संवेदनशीलता जास्त आहे किंवा कमी आलं आणि संवेदनशीलता कमी आहे, यांतला फरक मॉडेलला कळूच शकत नाही.

पायरी ७: स्रवणासाठी सी-पेप्टाइड

स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं आणि साधारण निम्मं तिथेच खर्ची पडतं. हातातल्या शिरेत आपण मोजतो ते उरलेलं. यकृत किती काढून घेतं हे माणसागणिक, दिवसागणिक बदलतं. म्हणून रक्तातल्या इन्सुलिनवरून स्रवण सांगणं म्हणजे धरणाच्या खालच्या कालव्यातलं पाणी मोजून वरचा पाऊस सांगण्यासारखं आहे.

सुदैवाने प्रोइन्सुलिन (इन्सुलिनचं पूर्वरूप) तुटताना इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू बाहेर पडतो आणि यकृत त्याला जवळपास हात लावत नाही. प्रोइन्सुलिनचा शोध १९६७ मध्ये डोनाल्ड स्टायनर यांनी लावला आणि हा मार्ग खुला झाला. सी-पेप्टाइड मूत्रपिंडातून जातं, म्हणून मूत्रपिंड निकामी असलेल्यांत पुढचा हिशेब लागू पडत नाही.

सी-पेप्टाइड दोन टाक्यांत फिरतं. त्याचे वेग प्रत्येक माणसात मोजायचे म्हणजे वेगळा प्रयोग आला. १९९२ मध्ये ईव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी वय आणि शरीरयष्टीवरून ते अंदाजता येतात हे दाखवलं आणि सगळ्यांचं काम सोपं केलं. मधुमेह आणि लठ्ठपणा नसलेल्या माणसात झटपट घट होण्याचं अर्धायुष्य ४.९५ मिनिटं आणि त्या घटीचा वाटा ०.७६. सावकाश घटीचं अर्धायुष्य ०.१४ × वय + २९.२ मिनिटं.

वय ३५ धरू. सावकाश अर्धायुष्य ३४.१ मिनिटं. ०.६९३ ला अर्धायुष्यांनी भागून दोन दर मिळतात: ०.१४० आणि ०.०२०३. दुसऱ्या टाकीतून परत येण्याचा दर = ०.७६ × ०.०२०३ + ०.२४ × ०.१४० = ०.०४९. पहिल्या टाकीतून कायमचं बाहेर पडण्याचा दर = ०.१४० × ०.०२०३ ÷ ०.०४९ = ०.०५८. आणि पहिलीतून दुसरीत जाण्याचा दर = दोन्ही दरांची बेरीज वजा वरचे दोन, म्हणजे सुमारे ०.०५३.

ताळा करून बघा. उपाशीपोटी सी-पेप्टाइड ५०० पिकोमोल प्रति लिटर असेल, तर स्थिर स्थितीत जेवढं बाहेर जातं तेवढंच आत येतं: ०.०५८ × ५०० = २९ पिकोमोल दर लिटरमागे दर मिनिटाला. टाकी ४ लिटरची धरली तर मिनिटाला सुमारे ११६ पिकोमोल. तुमचा कोड याच्या दहापट किंवा दशांश आकडा दाखवत असेल, तर एकक कुठेतरी घसरलंय.

उपाशी स्थिती सोपी असते. ग्लुकोज दिल्यानंतरचं स्रवण काढताना उलटा हिशेब करावा लागतो आणि त्यात मोजणीतली छोटी चूकही फुगून येते. दोन नमुन्यांत सी-पेप्टाइड जरा खालीवर झालं की स्रवण ऋण दाखवायला लागतं. ते शक्यच नाही. उपाय दोन. एकतर उत्तर गुळगुळीत असावं अशी अट घाला. किंवा स्रवणाचंच मॉडेल धरा: साखरेच्या पातळीला मिळणारा प्रतिसाद आणि साखर चढण्याच्या वेगाला मिळणारा प्रतिसाद असे दोन भाग. पहिल्याला स्थिर प्रतिसाद म्हणतात, दुसऱ्याला गतिशील. मला दुसरा उपाय जवळचा वाटतो, कारण त्यातला प्रत्येक आकडा बीटा पेशीबद्दल काहीतरी सांगतो. गतिशील भाग म्हणजे पेशीच्या बाह्य पडद्याजवळ तयार असलेला साठा पटकन सोडण्याची क्षमता आणि टाइप २ मधुमेहात तीच फार लवकर मंदावते.

पायरी ८: दोन्ही आकडे एकत्र वाचा

बर्गमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कल्पना मांडली की निरोगी माणसात संवेदनशीलता आणि स्रवण यांचा गुणाकार जवळपास स्थिर राहतो. एक निम्मं झालं की दुसरं दुप्पट होतं. आलेखावर हा अपास्त वक्र दिसतो. १९९३ मध्ये स्टीव्हन कान आणि सहकाऱ्यांनी ९३ निरोगी माणसांत हा संबंध प्रत्यक्ष दाखवला. या गुणाकाराला डिस्पोझिशन इंडेक्स म्हणतात. माणूस त्या वक्रावरच पुढेमागे सरकतोय की वक्रावरून खाली घसरतोय, हा खरा प्रश्न. जाड होताना संवेदनशीलता घटली पण स्रवणाने भरपाई केली, तर तो वक्रावरच आहे. भरपाई कमी पडायला लागली की साखर रिपोर्टमध्ये 'सामान्य' दिसत असतानाच तो खाली घसरलेला असतो.

पुण्याच्या संशोधनाशी या वक्राचं जवळचं नातं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचं बाकी सगळं लहान, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. याच गटाच्या कामात पुण्यातल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तातलं इन्सुलिनही जास्त आढळलं. पुढे २०१८ मध्ये स्वीडनमधून मधुमेहाचे पाच उपप्रकार मांडले गेले. त्यांचा पाया होमाची सुधारित मापं, वय, वजन, साखर आणि प्रतिपिंडं यांवर होता. हीच पद्धत भारतात तरुणपणी टाइप २ मधुमेह झालेल्यांवर लावली, तेव्हा इन्सुलिनच्या तीव्र कमतरतेचा गट सर्वांत मोठा निघाला. आपल्याकडे 'इन्सुलिन प्रतिरोध' हाच शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. स्रवणही तितक्याच काळजीने मोजायला हवं, असं मी म्हणतो ते म्हणूनच.

विश्लेषण करताना गुणाकाराची सरासरी काढून थांबू नका. दोन्हींचे लॉगरिदम घेऊन एकमेकांसमोर मांडा. खरोखर अपास्त वक्र असेल तर उतार −१ च्या जवळ येईल. साधं रिग्रेशन मात्र वापरू नका, कारण चूक दोन्ही अक्षांवर आहे आणि साध्या पद्धतीत उतार खोटा सपाट होतो. दोन्हीकडची चूक धरणारी पद्धत वापरा. उतार −१ पासून फार दूर असेल, तर त्या गटात गुणाकाराला काही अर्थ नाही. दोन्ही आकडे वेगवेगळे छापा.

पायरी ९: खऱ्या रुग्णाआधी खोटा रुग्ण

ही पायरी मी शेवटी लिहितोय, पण काम करताना ती सर्वात आधी करतो. पॅरामीटर स्वतः ठरवा: प१ ०.०२, प२ ०.०३, संवेदनशीलता ०.०००५, शून्य मिनिटाची शर्करा २९०. इन्सुलिनचा एक वाजवी वक्र द्या. मॉडेलकडून साखरेचा वक्र काढा आणि प्रत्येक बिंदूत २ टक्क्यांची यादृच्छिक चूक मिसळा. हे शंभर वेळा करा आणि प्रत्येक वेळी पॅरामीटर परत शोधा. शंभर उत्तरांची सरासरी ०.०००५ च्या जवळ हवी आणि त्यांचा पसारा कोडने सांगितलेल्या प्रमाणत्रुटीशी जुळायला हवा.

मग काही नमुने काढून टाका आणि पुन्हा चालवा. आधी शेवटचा तास काढा, मग २० ते ४० मिनिटांमधले नमुने. कोणते काढल्यावर संवेदनशीलतेचा पसारा फुगतो हे नोंदवा. ती यादी छापून, ज्या खोलीत रक्त घेतलं जाणार आहे तिथल्या भिंतीवर लावा आणि नमुने घेणाऱ्या परिचारिकेबरोबर बसून ती एकदा वाचा. कोणता नमुना चुकला तर चालेल आणि कोणता चुकवायचाच नाही, हे तिला आधी कळलेलं असावं.